कॉलेजातलं नाटक, एनएसएस, एनसीसी... नोकरीत नेमकं काय कामाला आलं?

ओसरी

मंडळी, सल्ला हवाय. सल्ल्यापेक्षाही अनुभव हवेत.

लेक पुण्यात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैपासून कॉलेजच्या नाट्यमंडळात रमली आहे, पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, तयारी चालू आहे. रंगमंचावर नाही, मागे. सामान जमवणं, खर्च लिहिणं, कोण जेवलं कोण राहिलं ते बघणं. तालमीहून होस्टेलवर पोचायला रात्रीचे साडेदहा-अकरा होतात. रेक्टरबाईंची परवानगी आहे, बरोबर चौघीजणी असतात, त्यामुळे ती काळजी नाही.

ह्यांचं म्हणणं, जानेवारीत सीए फाउंडेशन द्यायची आहे, हे तीन महिने पाण्यात गेले. लेक म्हणते, आई, इथे मी जे शिकतेय ते वर्गात कोणी शिकवत नाही. काय शिकतेस विचारलं की तिला धड सांगता येत नाही.

मी स्वतः लग्नानंतर बाहेरून बीए केलं. गॅदरिंगसुद्धा लांबूनच पाहिलेलं. म्हणून विचारते. तुम्ही कॉलेजात जे काही केलंत, नाटक असो, एनएसएस, एनसीसी, खेळ, त्यातलं नोकरी मिळवताना किंवा नोकरीत नेमकं काय उपयोगी पडलं? 'व्यक्तिमत्त्व विकास होतो' एवढं पुरणार नाही, घरी ह्यांना पटवायचं आहे.

गियर_पाचवा

करू द्या हो ताई. कॉलेज कुठलं ते मात्र इथे सांगू नका, नाहीतर 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू होईल आणि धागा तिथेच संपेल :)

चाकणकर_ब

ओसरीताई, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. चाकणला एका मध्यम आकाराच्या कारखान्यात माणसं निवडण्याचं काम करतो, दरवर्षी नवी पोरं बघतो.

प्रमाणपत्रांची फाइल मी उघडत नाही. बायोडेटात 'नेतृत्वगुण', 'संघभावना' असं असलं तरी त्यावर थांबत नाही, सगळ्यांच्याच कागदावर तेच असतं. माझा एकच प्रश्न असतो: तू त्या दिवशी आला नसतास तर काय अडलं असतं?

दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. एनएसएसचं शिबिर केलं म्हणाला. हा प्रश्न विचारल्यावर जरा गडबडला आणि मग म्हणाला, जेवण अडलं असतं. त्याच्याकडे कोठी होती. पहिल्या संध्याकाळी भात कमी पडला, कारण त्याने शिबिरातली ५२ डोकी मोजली होती. संध्याकाळच्या कार्यक्रमाला गावातली माणसं येतात आणि त्यांना जेवा म्हणावंच लागतं, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने सरपंचांच्या घरी जाऊन विचारलं, किती जण येतील, म्हातारी माणसं किती, पोरं किती. पुढचे पाच दिवस रोज दुपारी तीनला त्याने ती फेरी मारली. शेवटच्या दिवशी किती पीठ उरलं तेही त्याला पाठ होतं.

त्याला स्टोअर्समध्ये घेतला. आमच्याकडे हेच तर लागतं! कागदावरची मागणी आणि खरी मागणी यात फरक असतो, तो जाऊन विचारणारा माणूस हवा असतो.

तुमची लेक खर्च लिहिते म्हणालात. तो कसा लिहिते तेवढं विचारा.

खडू_डस्टर

चाकणकरांचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मी एका ग्रामीण कॉलेजात नऊ वर्षं एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

योजना जुनी आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, असा साचा. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काही ठिकाणी काय चालतं तेही मी पाहिलंय: झाडू हातात धरून फोटो, हजेरीपटावर सह्या, दहा गुण मिळाले की संपलं. अशा मुलाला चाकणकरांच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही, आणि त्यात दोष मुलाचा कमी, आम्हा शिक्षकांचा जास्त.

एक वर्षीचं सांगतो. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंड शिवायचं आणि रचायच्या. पोरांनी जोर दाखवायला गोण्या गळ्यापर्यंत भरल्या. उचलायला तिघं लागायला लागले, आणि रचल्यावर गोल गोण्या एकमेकींवरून घरंगळायच्या, मधून पाणी जायचं. दुपारपर्यंत सगळे वैतागले. बांधावर बसलेले एक आजोबा उठून आले, एक गोणी ओतून अर्ध्यावर आणली, तोंड शिवलं, खाली टाकली आणि पायाने चेपली. गोणी चपटी होऊन शेजारणीला चिकटून बसली. बोलले काहीच नाहीत.

पोरांनी सकाळभर भरलेल्या सगळ्या गोण्या पुन्हा ओतल्या. त्यात आमच्या वर्गात कायम पहिली येणारी मुलगी होती. तिने त्या रात्री डायरीत लिहिलं होतं, 'आधी विचारायला हवं होतं.' आता ती जलसंधारणाच्या कामातच आहे, गावात बैठक घेते तेव्हा आधी ऐकते. डायरी मी सक्तीने लिहून घ्यायचो, पोरं कुरकुरायची. पण मुलाखतीला जाताना तीच काढून वाचायची. अनुभव सगळ्यांनाच येतो, पण चार वर्षांनी तो शब्दांत सांगायचा तर त्याच दिवशी लिहून ठेवलेला लागतो.

पिठलंप्रेमी

शिबिर म्हटलं की मला फक्त करपलेलं पिठलं आठवतं. ४० लोकांचं. तळापासून हलवायचं असतं हे आम्हा चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

मधुमालती

@पिठलंप्रेमी, आमच्याकडे उप्पीट! गिलाव्याला चाललं असतं. तरी सगळ्यांनी खाल्लं, कारण सकाळी सहापासून खड्डे खणले होते.

डावा_पाना

मला थोडं वेगळं सांगायचंय, कारण इथे सगळं फार गोड चाललंय.

मी मेकॅनिकलला होतो, बाहाच्या टीममध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विद्यार्थ्यांनी एका माणसाची, खडबडीत रस्त्यावर चालणारी गाडी स्वतः बनवायची आणि इंदूरजवळ पीथमपूरला नेऊन पळवायची. आधी तपासणी, मग ब्रेकची चाचणी, मग बाकीच्या शर्यती, आणि शेवटी चार तासांची एंड्युरन्स. ब्रेकच्या चाचणीत पॅडल दाबल्यावर चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. एक जरी फिरलं तरी नापास, आणि ती पास झाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

आमचं मागचं डावं चाक लॉक होईना. ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा. रात्रभर आम्ही तिघं ब्रेक ब्लीड करत होतो, म्हणजे ती हवा काढत होतो: एक पॅडल मारणार, एक निपल सैल करणार, एक बाटलीतले बुडबुडे बघणार. पहाटे चारला कळलं की कॅलिपर, म्हणजे ब्रेक आवळणारा भाग, उलट्या बाजूला बसवलाय, हवा काढायचं निपल खाली आलंय, म्हणून हवा निघतच नाही. दहा मिनिटांचं काम निघालं. कॅलिपर मीच बसवला होता. दोघं मित्र एक शब्द बोलले नाहीत, फक्त पाना पुढे केला.

आता मी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ गाड्यांच्या चाचण्यांचं काम करतो. इथल्या मुलाखतीत पाऊण तासातली वीस मिनिटं याच रात्रीवर गेली. मी चुकलो कुठे आणि ते कळायला सहा तास का लागले, एवढंच ते खोदून विचारत होते.

पण दुसरी बाजू. त्या वर्षी मला दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले. आमच्या कॅम्पसला बहुतेक कंपन्यांची अट होती: सलग ६० टक्के आणि चालू बॅकलॉग नको. माझं नाव यादीतच आलं नाही. बाहा वगैरे सांगायला समोर कोणी बसलेलंच नव्हतं! नंतर केट्या काढल्या, बाहेर दीड वर्षं मिळेल ते काम केलं, मग एमएस. उपयोग झाला, पण दारातून आत गेल्यावर. दार उघडायला मार्कच लागले. तुमच्या मिस्टरांची काळजी चुकीची नाही.

पन्हाळा_९७

डावा_पाना यांचं दार उघडण्याबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण एका ठिकाणी ते दार खरंच सरळ उघडतं: एनसीसी.

'सी' प्रमाणपत्र किमान बी श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के असतील तर लष्करात अधिकारी होण्यासाठी एनसीसी स्पेशल एंट्रीतून अर्ज करता येतो. सीडीएसची, म्हणजे अधिकारी भरतीची, लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, छाननीतून निवड झाली की थेट एसएसबी, म्हणजे लष्कराची निवड मुलाखत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीतही 'सी'ला ५, 'बी'ला ३ आणि 'ए'ला २ टक्के जादा गुण असतात.

मी एसएसबीत दोनदा बाहेर पडलो. आता कोल्हापुरात वाहतुकीचा धंदा आहे, १४ गाड्या. ड्रायव्हर लोकांना पहाटे पाचला हजर करण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही, आपण पावणेपाचला तिथे असावं लागतं. हे मला आमच्या सुभेदार साहेबांनी शिकवलं, आणि तेही एकदासुद्धा न बोलता.

शेवटची_एसटी

सगळं वाचलं. छान आहे. पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं गाव कॉलेजपासून ३८ किलोमीटर. शेवटची गाडी संध्याकाळी सहा दहाला. ती चुकली तर रात्र स्टँडवर. आमच्या कॉलेजातही नाटक होतं, युवा महोत्सवाची तयारी चालायची, कबड्डीचा संघ होता. तालीम सुरू व्हायची साडेपाचला. मी तीन वर्षं रोज साडेपाचला त्या हॉलसमोरून स्टँडकडे गेलो. आतून ढोलकीचा आवाज यायचा.

मागच्या महिन्यात पुण्यात एके ठिकाणी मुलाखत झाली. बाईंनी विचारलं, अभ्यासाव्यतिरिक्त काय केलंस? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. निकाल तुम्हाला कळला असेलच.

ज्यांची घरं कॉलेजजवळ, ज्यांना संध्याकाळ मोकळी, त्यांनाच हे कौशल्य मिळणार आणि त्यांनाच नोकरी मिळणार. मला कोणाचा राग नाही, पण हा विषय निघतो तेव्हा आमच्यासारख्यांची आठवण कोणाला होत नाही.

मधुमालती

वाचून गलबलून आलं. खरंच लक्षात येत नाही.

वडाची_पारंबी

@शेवटची_एसटी, दादा, आठवण एका माणसाला फार पूर्वी झाली होती. कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली कऱ्हाडजवळ काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज, 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. पोरांनी श्रम करायचे आणि त्यावर शिकायचं. त्यांनी श्रम अभ्यासाच्या बाहेर ठेवलेच नाहीत, म्हणून 'अभ्यासाव्यतिरिक्त काय' हा प्रश्न तिथे लागूच होत नाही.

मीही याच योजनेत शिकले. कॉलेजच्या वाचनालयात रोज दोन-तीन तास. पुस्तकं लावणं, फाटलेली चिकटवणं, उशिराचा दंड मागणं. ओळखीच्या मुलाकडून दंड मागताना पहिल्या दिवशी घशाला कोरड पडली होती. आज बँकेत कर्जवसुलीला आहे. माणसाचा अपमान न करता पैसे मागायला मी त्या खिडकीतच शिकले.

तुम्ही सकाळी काय करत होतात? गाडीच्या आधी?

शेवटची_एसटी

सकाळी गावच्या दूध संकलन केंद्रावर असायचो. पाच ते साडेसात. सेक्रेटरी काकांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून मशीनवर दुधाचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) बघून नोंदी मी करायचो. तीन वर्षं. त्याला कोणी अ‍ॅक्टिव्हिटी म्हणत नाही.

चाकणकर_ब

अरे मित्रा, थांब थांब. हे तू त्या बाईंना सांगितलं नाहीस?

तीन वर्षं रोज पहाटे पाचला. लोकांच्या पैशाचा आकडा तुझ्या हाताने लिहिला जायचा. फॅट कमी लागली की माणूस भांडायला येत असणार. त्याला काय सांगायचास?

शेवटची_एसटी

भांडायचे तर रोजच. एक काका म्हणायचे, तू माझ्या म्हशीवर डूख धरलायस. मी त्यांच्यासमोर नमुना पुन्हा लावायचो. तरी नाही पटलं तर शेजारच्या दोघांसमोर तिसऱ्यांदा. एकदा खरंच मशीन चुकत होतं, साफ केलं नव्हतं. त्या दिवशीच्या आधीच्या अकरा जणांना परत बोलावलं. काका म्हणाले होते, सोड, जाऊ दे. पण दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो तेव्हा त्यांना कमी मिळालं असतं.

चाकणकर_ब

बस. हेच. आमच्या गुणवत्ता विभागात, चुकलेलं माप स्वतःहून मागे घेणारा माणूस मिळावा म्हणून मी वर्ष-वर्ष थांबतो.

आता माझ्या बाजूची चूक कबूल करतो. मीसुद्धा 'कॉलेजात काय केलंस' असंच विचारत आलोय. असं विचारल्यावर तुझ्यासारखा मुलगा 'काही नाही' म्हणणारच. उद्यापासून प्रश्न बदलतो: 'तुझ्यावर कोण अवलंबून होतं?'

खडू_डस्टर

चाकणकर, हे आम्हालाही लागू आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आता पहिल्या दोन वर्षांत सहशैक्षणिक उपक्रमांना क्रेडिट आहेत: एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक. चांगलं पाऊल आहे. पण ते तास संध्याकाळी ठेवले तर एसटीची पोरं पुन्हा बाहेर. आमच्याकडे मी भांडून ते दुपारी साडेबारा ते दोन आणून ठेवले. हजेरी दुप्पट झाली, मुलींची तर त्याहून जास्त.

गियर_पाचवा

सक्ती केली की मजा जाते, सर. आम्ही नाटक केलं कारण ते कोणी करायला सांगितलं नव्हतं.

खडू_डस्टर

तेही खरं. पण न सांगता करायला मिळणं हीसुद्धा सगळ्यांच्या नशिबातली गोष्ट नाही, हे आत्ताच वाचलं ना आपण.

वेर्णा_सकाळपाळी

धागा कुठल्या कुठे गेला, पण चांगल्या ठिकाणी गेला. ओसरीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण मीही रंगमंचामागचीच.

मी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळायचे. एका प्रयोगात नायकाने खिशातून पत्र काढून वाचायचं होतं आणि पत्र टेबलावरच राहिलं. त्याने रिकामा हात बाहेर काढला, दोन क्षण बघितलं आणि मजकूर तोंडपाठ म्हटला. प्रेक्षकांना कळलंही नाही. विंगेत माझे पाय थरथरत होते. प्रयोगानंतर कोणी रागावलं नाही, त्यामुळे जास्तच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रॉपर्टीच्या टेबलावर पांढरा कागद पसरला आणि प्रत्येक वस्तू ठेवून पेन्सिलने तिची बाह्यरेषा काढली. चष्मा, किल्ली, पत्र, कंदील. वस्तू उचलली की खाली तिचा आकार दिसणार. प्रवेशाआधी कागदाकडे एकदा बघायचं: जे विंगेत जायला हवं त्याचा आकार मोकळा दिसतोय ना.

आता गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. पहिल्या आठवड्यात देखभालीच्या खोलीत गेले तर भिंतीवर प्रत्येक पान्याच्या मागे त्याचा आकार रंगवलेला! माझ्याबरोबर लागलेल्यांना तो नियम वाटला, मला मात्र तो कशासाठी आहे हे पोटातून माहीत होतं. काम संपल्यावर एक आकार रिकामा दिसला तर ते हत्यार कुठल्यातरी यंत्रात राहिलंय.

आणि एक. २०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नव्हता, त्या दर्जाची एकांकिका नाही म्हणून. तेव्हा खूप वाद झाले. महिनोन्महिने राबलेल्या पोरांसाठी जीव तुटला होता माझा. पण मनापासून केलेलं कामही कमी पडू शकतं, हे विशीत कळलेलं चांगलं. आमच्याकडे सगळी कागदपत्रं नीट असूनही एखादी बॅच नाकारली जाते, तेव्हा नवी मुलं कोसळतात. नाटकवाली जरा लवकर उभी राहतात, असं मी पाहिलंय.

डावा_पाना

पत्र तोंडपाठ म्हणणारा नायक मात्र भारीच. त्याला आमच्या टीममध्ये घ्यायला हवा होता.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस रोज वाचत होते. चाकणकरांनी सांगितलं म्हणून रविवारी लेक आली तेव्हा तिची वही मागितली.

साधी शंभर पानी वही. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. एकूण १८,००० जमवलेत, त्यातले ७,५०० माजी विद्यार्थ्यांकडून. 'केळी, २ डझन, १२०, बिल नाही, म्हणून दोघांच्या सह्या.' 'साडी धुलाई, ८०, पुढच्या वेळी आईकडून धुऊन आणणे.' शेवटच्या पानावर शिल्लक २१४, आणि खाली तीनदा मोजल्याच्या तीन खुणा.

ह्यांनी वही हातात घेतली. चाळीस वर्षं पतपेढीत काढलेला माणूस. चष्मा लावून पहिल्या पानापासून बेरजा तपासत बसले. तासाभराने म्हणाले, एका ठिकाणी टेम्पोचं भाडं दोनदा धरलंय. लेक म्हणाली, बाबा, एक जायचं आणि एक यायचं. 'मग तसं लिहावं,' म्हणाले, आणि दोघं मिळून मथळे पाडत बसले.

डावा_पाना, तुमचंही तिला वाचून दाखवलं. फेरी संपली की जानेवारीपर्यंत फक्त अभ्यास, असं तिनेच ठरवलंय. सकाळी दोन तास तर आजपासूनच.

शेवटची_एसटी

ताई, वही वाचून आमच्या केंद्राचं रजिस्टर आठवलं.

चाकणकर सर, नवीन बायोडेटा लिहायला घेतलाय. बघा बरं: 'गावातील दूध संकलन केंद्रात ३ वर्षे रोज पहाटे नोंदणीचे काम. तक्रार आल्यास नमुन्याची पुन्हा तपासणी.' एवढं चालेल का?

चाकणकर_ब

चालेल, पण आकडे कुठे आहेत? किती सभासद, किती लिटर?

वडाची_पारंबी

आणि परत बोलावलेले ते अकरा जण राहिले. त्यांना विसरू नका.

शेवटची_एसटी

१४२ सभासद. सकाळचं साडेसहाशे-सातशे लिटर.

अकरा जणांचं लिहितो. काकांना विचारून तारीख बघतो, रजिस्टर अजून केंद्रावरच आहे.